शंका-समाधान : दोन इंटरनेट जोडण्या आणि बीजीपीतील पसंतीक्रम

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आली आहेत. दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेतलेल्या संस्थेने आपल्या स्विचवर बीजीपीचे (इंटरनेटवरील जाळी एकमेकांना मार्ग कळवण्यासाठी वापरतात त्या प्रोटोकॉलचे) पसंतीक्रम कसे लावावेत, हा तो विषय. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या संस्थेत पूर्वी सिस्कोचा राउटर होता. तो काढून आम्ही कॉमवेअर प्रणालीवर चालणारा लेअर-३ (राउटरसारखे मार्ग निवडू शकणारा) स्विच बसवला आणि दोन्ही इंटरनेट कंपन्यांशी असलेल्या बीजीपी जोडण्या त्यावर जशाच्या तशा आणल्या. दोन्ही सत्रे 'एस्टॅब्लिश्ड' दिसतात, दोन्हींकडून डिफॉल्ट रूट (नेमका मार्ग ठाऊक नसलेल्या सर्व पत्त्यांसाठीचा मार्ग) येतो, तरीही सगळी वाहतूक फायरवॉलमागच्या जुन्या ब्रॉडबँडवरूनच जात होती. म्हणून बीजीपीच्या विभागात 'प्रेफरन्स १०० १०० १३०' अशी आज्ञा दिली. वाहतूक बीजीपीकडे वळली, परंतु आम्हाला हवी असलेली पहिली कंपनी सोडून दुसरीच निवडली गेली. पहिले दोन आकडे ५० केले, तरीही फरक पडला नाही. आमचे काय चुकते आहे? — एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वप्रथम ते ५० काढून टाका, त्याचे कारण पुढे येईलच. आपण ज्या आज्ञेने दोन कंपन्यांमध्ये निवड करू पाहत आहात, ती आज्ञा त्या कामाची नाही. स्विच एखाद्या पत्त्याकडे जाण्याचा मार्ग ठरवताना दोन वेगवेगळे निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी घेतो आणि आपण पहिल्या निर्णयाचा आकडा बदलून दुसऱ्याचा निकाल फिरण्याची वाट पाहत आहात.

बीजीपीच्या स्वतःच्या तक्त्यात एकाच प्रीफिक्सकडे (पत्त्यांच्या एका गटाकडे) जाणारे अनेक मार्ग जमा होतात आणि त्यांतून एक सर्वोत्तम मार्ग निवडला जातो. हा बीजीपीचा घरगुती निर्णय. त्यानंतर तो निवडलेला मार्ग मुख्य राउटिंग टेबलच्या दारात येतो, आणि तिथे त्याच प्रीफिक्सचा मार्ग ओएसपीएफने (संस्थेच्या आतल्या जाळ्यातील मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलने) किंवा हाताने लिहिलेल्या स्टॅटिक नोंदीनेही आणलेला असेल, तर कोणत्या प्रोटोकॉलचे ऐकायचे हे एका आकड्यावरून ठरते. सिस्कोमध्ये त्या आकड्याला अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात, कॉमवेअर आणि जुनिपरमध्ये नुसते प्रेफरन्स. नाव कोणतेही असो, येथे लहान आकडा जिंकतो.

हे आकडे कोणत्याही मानकाने ठरवून दिलेले नाहीत. बीजीपीचे सध्याचे मूळ मानक म्हणजे २००६ सालचे आरएफसी ४२७१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज). वेगवेगळ्या प्रोटोकॉलमध्ये कोणाला वरचढ मानायचे, हे ते सांगत नाही. यंत्रे बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापला क्रम लावला आहे आणि आपल्या अडचणीचे मूळ तिथे आहे. सिस्कोमध्ये बाहेरच्या पीअरकडून (बीजीपीने जोडलेल्या शेजाऱ्याकडून) आलेल्या बीजीपी मार्गाला २० आणि ओएसपीएफला ११० हा आकडा असतो, म्हणून आपल्या जुन्या राउटरवर बीजीपीचा डिफॉल्ट रूट आपसूक वरचढ ठरत होता. कॉमवेअरमध्ये ओएसपीएफच्या अंतर्गत मार्गांना १०, स्टॅटिकला ६०, ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेल्या मार्गांना १५० आणि बीजीपीच्या मार्गांना चक्क २५५ असतो. जुनिपरचा क्रमही याच वळणाचा आहे : ओएसपीएफचे बाह्य मार्ग १५०, बीजीपी १७०. आपला फायरवॉल ओएसपीएफमधून डिफॉल्ट रूट पसरवत असणार. त्याचे १५० हे बीजीपीच्या २५५ पेक्षा लहान, म्हणून बीजीपीचे दोन्ही मार्ग दाराबाहेर उभे राहिले. सिस्कोच्या सवयीने पाहणाऱ्याला हा २५५ हमखास फसवतो, कारण सिस्कोमध्ये २५५ चा अर्थ 'हा मार्ग कधीच वापरू नको' असा आहे. कॉमवेअरमध्ये मात्र तो वापरता येण्याजोगा, फक्त रांगेत शेवटचा मार्ग असतो.

आता आपली आज्ञा पाहू. तिच्यातील तीन आकडे अनुक्रमे बाहेरच्या पीअरकडून आलेल्या, आतल्या पीअरकडून आलेल्या आणि स्विचने स्वतः निर्माण केलेल्या बीजीपी मार्गांसाठी आहेत. आपल्या दोन्ही कंपन्या बाहेरच्याच, म्हणजे दोघींनाही सारखेच १०० मिळाले. बीजीपी एकूण ओएसपीएफच्या बाह्य मार्गांपुढे गेला, दोन कंपन्यांमधला तिढा मात्र होता तसाच राहिला. दोन्ही डिफॉल्ट रूट बाकी सर्व बाबतींत तुल्यबळ असल्याने तो अखेर राउटर आयडी कोणाचा लहान यासारख्या निरर्थक कसोटीवर सुटला आणि दुसरी कंपनी निवडली गेली. आकडा ५० केल्यावर तर बीजीपी स्टॅटिक नोंदींच्याही पुढे गेला. म्हणजे आपण हाताने लिहून ठेवलेला एखादा मार्ग उद्या कंपनीकडून आलेल्या तशाच मार्गापुढे निमूटपणे बाजूला होईल, आणि त्याची कोणतीही सूचना आपल्याला मिळणार नाही.

दोन कंपन्यांमधील निवड लोकल प्रेफरन्सने करावी. हा गुणधर्म बीजीपीच्या आतला आहे, त्याचे नेहमीचे मूल्य १०० असते आणि येथे मोठा आकडा जिंकतो. एका राउट-पॉलिसीमध्ये (मार्ग तपासणाऱ्या आणि बदलणाऱ्या नियमांच्या संचात) 'अप्लाय लोकल-प्रेफरन्स २००' असे लिहून ती पहिल्या कंपनीच्या पीअरवर 'इम्पोर्ट' दिशेने लावली, की तिच्याकडून येणारा डिफॉल्ट रूट २०० चा होईल आणि दुसरीचा १०० वरच राहील. एएस मार्गाची लांबी (वाटेतील स्वतंत्र जाळ्यांची, म्हणजे एएसची, संख्या), ओरिजिन (मार्गाच्या उगमाचा प्रकार), एमईडी (शेजाऱ्याने सुचवलेला पसंतीचा आकडा) या सगळ्या कसोट्या लोकल प्रेफरन्सच्या नंतर येतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पाळी येणारच नाही. राउट-पॉलिसीत 'इफ-मॅच' ची अट घातली असेल, तर शेवटी कोणतीही अट नसलेला एक 'परमिट' नोड, म्हणजे परवानगी देणारा नियम, अवश्य ठेवा. नाहीतर अटीत न बसणारे सर्व मार्ग नाकारले जातात. सिस्कोच्या राउट-मॅपमध्येही हेच होते आणि अनुभवी लोकही तिथे ठेचकाळतात.

लोकल प्रेफरन्सच्याही आधी पाहिला जाणारा एक आकडा आहे. सिस्कोमध्ये त्याला वेट आणि कॉमवेअरमध्ये प्रिफर्ड व्हॅल्यू म्हणतात. तो त्या एका यंत्रापुरताच राहतो, शेजाऱ्याला कळत नाही. आज आपल्याकडे एकच स्विच आहे, म्हणून त्याने काम भागेलही. पण पुढे दुसरा स्विच आला आणि दोघांमध्ये आतले बीजीपी सत्र उभे केले, तर लोकल प्रेफरन्स दोघांपर्यंत पोहोचेल आणि प्रिफर्ड व्हॅल्यू पोहोचणार नाही. माझे मत विचाराल, तर पहिल्यापासून लोकल प्रेफरन्सच वापरावा.

राहिला फायरवॉलचा डिफॉल्ट रूट. तो आता कोणाला हवा आहे, हे आधी ठरवा. नको असेल, तर फायरवॉलने तो पसरवणे बंद करावे आणि स्विचवरील प्रेफरन्स मूळच्या २५५ वर न्यावा. हा सर्वांत स्वच्छ उपाय. ब्रॉडबँड शेवटचा आधार म्हणून ठेवायचा असेल, तर प्रेफरन्सला सरसकट आकडा न देता राउट-पॉलिसी जोडा आणि केवळ डिफॉल्ट रूटलाच १४० सारखे मूल्य द्या. १५० पेक्षा ते लहान आहे, म्हणून बीजीपी पुढे राहील. स्टॅटिकच्या ६० पेक्षा मोठे आहे, म्हणून हाताने लिहिलेले मार्ग सुरक्षित राहतील. आणि शाखांचे ओएसपीएफ मार्ग या बदलाच्या वाटेलाच जाणार नाहीत.

बदल झाल्यावर दोन्ही तक्ते स्वतंत्रपणे पाहावेत. 'डिस्प्ले बीजीपी राउटिंग-टेबल आयपीव्ही४' यात कोणती कंपनी निवडली गेली ते दिसते, आणि 'डिस्प्ले आयपी राउटिंग-टेबल प्रोटोकॉल बीजीपी' यात निवडलेला मार्ग प्रत्यक्ष वापरात आहे की निष्क्रिय पडून आहे ते कळते. पहिल्या तक्त्यात सर्व ठीक आणि दुसऱ्यात निष्क्रिय, असे दिसले तर दोष प्रोटोकॉलमधील क्रमाचा आहे. लोकल प्रेफरन्स कितीही वाढवून तो सुटणार नाही.

प्रश्न : वरच्यासारखीच रचना आमच्याकडेही आहे, पण लोकल प्रेफरन्स २०० देऊनही जवळपास निम्मी वाहतूक दुसऱ्या कंपनीकडून जाते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दुसरी कंपनी आपल्याला डिफॉल्ट रूटखेरीज आणखी काही मार्ग पाठवते का, ते पाहा. लोकल प्रेफरन्सची तुलना एकाच प्रीफिक्सच्या मार्गांमध्ये होते. पहिली कंपनी फक्त डिफॉल्ट रूट देत असेल आणि दुसरी त्यासोबत आपल्या ग्राहकांचे काही हजार नेमके मार्ग देत असेल, तर त्या पत्त्यांसाठी तुलना होतच नाही. पाकीट पुढे पाठवताना अधिक नेमका प्रीफिक्स नेहमी जिंकतो, पसंतीचा आकडा काहीही असो. हा नियम किती निष्ठुर आहे, ते फेब्रुवारी २००८ मध्ये सगळ्या जगाने पाहिले. यूट्यूब आपला /२२ प्रीफिक्स (रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा गट लहान) जाहीर करत होते आणि पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी त्याच्या पोटातील एक /२४ जाहीर केला. तो त्यांच्या पुरवठादार कंपनीमार्फत बाहेर पडताच जगभरातून यूट्यूबकडे जाणारी वाहतूक पाकिस्तानकडे वळली. आपल्या बाबतीत उपाय साधा आहे. दोन्ही कंपन्यांकडून सारखाच संच मागा, किंवा दुसरीकडून येणारे मार्ग गाळून फक्त डिफॉल्ट रूट स्वीकारा.

प्रश्न : आमचा स्वतःचा एएस क्रमांक आणि /२३ पत्ते आहेत. बाहेर जाणारी वाहतूक आम्हाला हवी तशी पहिल्या कंपनीकडून जाते, पण येणारी वाहतूक दुसरीकडूनच येते. एएस क्रमांक तीनदा पुन्हा जोडून पाहिला, उपयोग झाला नाही. दरम्यान फायरवॉल काही जोडण्या तोडू लागला आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : जाणाऱ्या वाहतुकीचा निर्णय आपण घेता, येणाऱ्या वाहतुकीचा निर्णय पाठवणारे घेतात. आपल्याला त्यांच्यापुढे फक्त विनंती ठेवता येते, आणि प्रत्येक विनंतीचे वजन वेगळे असते. आपण वापरलेली युक्ती, म्हणजे स्वतःचा एएस क्रमांक पुन्हा पुन्हा जोडून दुसऱ्या कंपनीकडची वाट लांब दाखवणे, ही त्यांतील हलकी विनंती आहे. एएस मार्गाची लांबी पाहण्याआधी समोरचा राउटर स्वतःचा लोकल प्रेफरन्स पाहतो, आणि बहुतेक इंटरनेट कंपन्या आपल्या ग्राहकांकडून थेट आलेल्या मार्गाला इतरांकडून आलेल्या मार्गापेक्षा जास्त लोकल प्रेफरन्स देतात, कारण ग्राहकाकडे जाणाऱ्या वाहतुकीचे पैसे मिळतात. आपण दुसऱ्या कंपनीचे थेट ग्राहक आहात. तिच्या जाळ्यातून आणि तिच्या इतर ग्राहकांकडून येणारी वाहतूक आपण क्रमांक तीनदा जोडा की दहादा, थेटच येणार.

त्यावर इलाज म्हणजे कम्युनिटी, मार्गाला जोडता येणारी एक खूण. अनेक कंपन्या ग्राहकांना ठरावीक कम्युनिटी मूल्ये कळवतात. आपल्या मार्गावर ते मूल्य लावले, की कंपनी स्वतःच्या जाळ्यात त्या मार्गाचा लोकल प्रेफरन्स कमी करते. ही पद्धत जुनी आहे. एन्के चेन आणि टोनी बेट्स यांनी १९९६ च्या आरएफसी १९९८ मध्ये ती मांडली, आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्यापेक्षा बरा मार्ग रुळलेला नाही. दुसऱ्या कंपनीच्या तांत्रिक विभागाकडून तिची मूल्ये लेखी मागवा. ती मिळाल्यावर स्विचवर त्या पीअरसाठी 'अॅडव्हर्टाइज-कम्युनिटी' चालू करायला विसरू नका; कॉमवेअरमध्ये ते मुळात बंद असते आणि आपण लावलेले मूल्य उंबरठ्याबाहेर पडत नाही. सिस्को आयओएसमध्येही 'सेंड-कम्युनिटी' वेगळे द्यावे लागते.

कंपनी कम्युनिटी मानत नसेल, तर अधिक नेमक्या प्रीफिक्सचा नियम कामाला लावता येतो. दोन्हींकडे /२३ जाहीर करा आणि पहिल्या कंपनीकडे त्याचे दोन्ही /२४ जास्तीचे जाहीर करा. येणारी वाहतूक पहिलीकडे वळेल आणि पहिली जोडणी तुटली, की /२३ च्या आधारे दुसरीकडून येईल. /२४ पेक्षा लहान तुकडे मात्र बहुतेक जाळी स्वीकारत नाहीत. आयआरआयएनएनमार्फत (भारतात इंटरनेट पत्ते देणाऱ्या संस्थेमार्फत) आपल्या पत्त्यांसाठी आरओए (कोणता एएस कोणते पत्ते जाहीर करू शकतो याचा दाखला) नोंदवला असेल, तर त्यातील कमाल लांबी २४ पर्यंत आहे किंवा प्रत्येक /२४ साठी वेगळा आरओए आहे, याची खात्री आधी करा. ती मर्यादा २३ च असेल, तर आपलेच /२४ अवैध ठरतील आणि तपासणी करणारी जाळी ते टाकून देतील. आणि एक मत : या उपायाने जगाच्या राउटिंग टेबलमध्ये आपल्या सोयीसाठी दोन नोंदी वाढतात. कम्युनिटीने काम होत असेल, तर हा उपाय करू नये.

एमईडीचा विचार येथे सोडून द्यावा. तो एकाच शेजारी एएसशी दोन ठिकाणी जोडलेल्यांसाठी आहे. वेगवेगळ्या कंपन्यांकडून आलेल्या एमईडींची तुलना मुळात केली जात नाही.

फायरवॉलची तक्रार याच विषमतेतून आलेली असावी. जाणारे पाकीट एका वाटेने आणि येणारे दुसऱ्या वाटेने, हे इंटरनेटवर नित्याचे आहे. पण प्रत्येक वाटेवर वेगळा फायरवॉल असेल आणि दोघे एकमेकांना जोडण्यांची स्थिती कळवत नसतील, तर दुसऱ्या फायरवॉलला अनोळखी जोडणीचे पाकीट दिसते आणि तो ते टाकून देतो. फायरवॉल एकच असून त्याचे दोन इंटरफेस वेगवेगळ्या झोनमध्ये असले, तरीही बऱ्याच फायरवॉलवर हेच घडते. पसंतीक्रमाचे आकडे बदलून हा दोष पूर्ण जाणार नाही, कारण येणारी दिशा आपल्या हाती कधीच शंभर टक्के नसते. फायरवॉल दोन्ही जोडण्यांच्या आतल्या बाजूला, एकाच वाटेवर आणावा.

प्रश्न : कंपनी आम्हाला 'फुल टेबल' (इंटरनेटवरील सर्व मार्ग) द्यायला तयार आहे. स्विचवर घ्यावे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घेऊ नये. आयपीव्ही४ चे जागतिक टेबल आज दहा लाख मार्गांच्या घरात आहे आणि सर्वसाधारण लेअर-३ स्विचच्या हार्डवेअरमध्ये काही हजारांपासून काही दहा हजारांपर्यंतच मार्ग मावतात. प्रोसेसरच्या मेमरीत जागा दिसली, तरी त्यावर जाऊ नका. पाकिटे वेगाने पुढे पाठवणारी टीकॅम मेमरी वेगळी आणि मर्यादित असते. ती भरली, की काही यंत्रे उरलेले मार्ग सोडून देतात आणि काही ती वाहतूक प्रोसेसरकडे ढकलून रांगू लागतात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जागतिक टेबलने ५,२४,२८८ ही मर्यादा ओलांडली, तेव्हा तेवढ्याच नोंदींची सोय ठेवलेले मोठमोठे राउटरही अडखळले होते. डिफॉल्ट रूट आणि हवे असल्यास कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकांचे मार्ग, एवढे पुरे. सोबत पीअरवर 'राउट-लिमिट' लावा, म्हणजे कंपनीकडून कोणी चुकून फुल टेबल सोडले, तर सत्र तुटेल, पण स्विच वाचेल.

प्रश्न : येणाऱ्या मार्गांवर पॉलिसी लावली आहे. जाणाऱ्या मार्गांवरही लावावी लागते का? आमची संस्था लहान आहे. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : लावावीच लागते, आणि लहान संस्थेने तर आधी. बीजीपी एका कंपनीकडून शिकलेला सर्वोत्तम मार्ग दुसऱ्या कंपनीला सांगतो. अडवले नाही, तर दोन मोठ्या कंपन्यांमधली वाट आपल्या स्विचमधून जाते असे आपण जाहीर करून बसतो. २४ जून २०१९ रोजी अमेरिकेत नेमके हेच घडले. पेनसिल्व्हेनियातील एका धातुनिर्मिती कंपनीने आपल्या एका इंटरनेट कंपनीकडून आलेले हजारो मार्ग आपल्या दुसऱ्या पुरवठादाराला, म्हणजे व्हेरायझनला, पाठवले. व्हेरायझनने ते न गाळता पुढे पसरवले आणि क्लाउडफ्लेअरसह अनेक मोठ्या सेवांची वाहतूक त्या कारखान्याच्या जोडणीत येऊन गुदमरली. मार्ग जास्त नेमके असल्यामुळे कोणाच्याही लोकल प्रेफरन्सने त्यांना अडवले नाही.

२०१७ च्या आरएफसी ८२१२ नुसार, पॉलिसी नसेल तर बाहेरच्या पीअरकडून काही घेऊ नये आणि त्याला काही देऊ नये. परंतु वापरात असलेल्या पुष्कळ स्विचची मूळ वागणूक अजून 'सगळे घ्या, सगळे द्या' अशीच आहे. दोन्ही पीअरवर 'एक्सपोर्ट' दिशेने आपले स्वतःचे प्रीफिक्स तेवढे जाऊ देणारी प्रीफिक्स-लिस्ट लावा, आणि जोडीला फक्त रिकाम्या एएस मार्गाला, म्हणजे आपल्याकडेच उगम पावलेल्या मार्गांना, परवानगी देणारी एएस-पाथ यादी ठेवा. एकीत चूक राहिली, तर दुसरी सांभाळते.

प्रश्न : पसंतीक्रम बदलल्यावर सत्र तोडून पुन्हा जोडावे लागते का? आणि पहिली जोडणी खरोखर बंद पडल्यावर सगळे दुसरीकडे वळेल, याची चाचणी कशी घ्यावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : सत्र तोडण्याची गरज नाही. २००० सालच्या आरएफसी २९१८ ने राउट रिफ्रेशची सोय दिली आहे; 'रिफ्रेश बीजीपी' ही आज्ञा शेजाऱ्याकडून मार्ग पुन्हा मागवते आणि त्यांना नवी पॉलिसी लागते. 'रीसेट बीजीपी' मात्र सत्रच पाडते. दोन शब्द सारखे वाटतात आणि कामाच्या वेळेत एकाऐवजी दुसरा टंकला जातो, म्हणून ही आज्ञा मी नेहमी आधी नोंदवहीत लिहून, मग तिथून उचलून देतो.

चाचणीसाठी बहुतेक जण केबल काढतात. त्याने केवळ सर्वांत सोपा बिघाड तपासला जातो, कारण केबल निघताच स्विचला तत्काळ कळते. कंपनीच्या बाजूला मधला एखादा मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच बंद पडला आणि आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच राहिला, तर बीजीपीला होल्ड टाइम (शेजारी गप्प झाल्यावर वाट पाहण्याचा कमाल वेळ) संपेपर्यंत पत्ता लागत नाही. कॉमवेअरमध्ये तो मुळात १८० सेकंदांचा असतो, म्हणजे तीन मिनिटे वाहतूक खड्ड्यात. कंपनी तयार असेल, तर त्या पीअरवर बीएफडी (वाट चालू आहे का हे सतत तपासणारा प्रोटोकॉल) चालू करा. हा बिघाड एक-दोन सेकंदांत कळतो. तयार नसेल, तर होल्ड टाइम ३० सेकंदांपर्यंत आणा. दोन्ही टोकांपैकी लहान मूल्य लागू होते, त्यामुळे आपल्या बाजूने कमी केले तरी चालते. त्यानंतर मधले उपकरण बंद करून चाचणी घ्या. नियोजित कामासाठी सत्र थांबवायचे असेल, तर 'पीअर इग्नोर' पुरते.

एक बिघाड मात्र यांपैकी कशानेही पकडला जात नाही. आपला कंपनीच्या स्थानिक राउटरशी संवाद ठणठणीत असतो, तो राउटर डिफॉल्ट रूट पाठवत राहतो, आणि त्याच्या पलीकडचे जाळे तुटलेले असते. अशा वेळी २०० चा लोकल प्रेफरन्स आपली सारी वाहतूक इमानाने त्या बंद वाटेवर ढकलत राहतो. कंपनीला विचारा, की त्यांचा डिफॉल्ट रूट अटीवर आधारित आहे की राउटरवर कायमचा लिहिलेला आहे. कायमचा असेल, तर तो नाकारा आणि त्यांच्या मुख्य जाळ्यातून शिकलेले दोन-तीन स्थिर प्रीफिक्स मागून घ्या. आपल्या स्विचवरचा डिफॉल्ट रूट मग एनक्यूए चाचणीला (ठरलेल्या पत्त्यापर्यंत पोहोचता येते का हे सतत पाहणाऱ्या सोयीला) बांधलेल्या स्टॅटिक नोंदीतून द्या, आणि चाचणीचे लक्ष्य त्या प्रीफिक्समधील पत्ता ठेवा, कंपनीच्या स्थानिक राउटरचा नव्हे. दुसऱ्या कंपनीचा डिफॉल्ट रूट बीजीपीतूनच येऊ द्या. स्टॅटिकचा ६० असेपर्यंत पहिली वाट चालेल. चाचणी फसली, की ती नोंद निघून जाईल आणि बीजीपीचा २५५ किंवा आपण दिलेला १४० तिची जागा घेईल.